रानातल्या छत्र्यांची नोंदवही

मृगाच्या सरी कोसळून जातात, आभाळ चार दिवस गडगडते, आणि एके सकाळी ओल्या जमिनीतून पांढऱ्या छत्र्या डोके वर काढतात. गर्जना आणि भूछत्रे यांचे हे नाते फार जुने आहे. कालिदासाच्या मेघदूतातही मेघाच्या गर्जनेने भूमीवर शिलींध्रे उगवतात. शिलींध्र म्हणजेच आपली अळंबी. सिंधुदुर्गाकडे तिच्यातल्या एका चवदार जातीला रोवणं म्हणतात, गोव्यात रोयण ओळमी, तर विदर्भात सात्या. जिची ओळख पटत नाही तिला मात्र आपण सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो. रानातल्या शेकडो जाती या एका तुच्छतादर्शक नावाखाली गाडल्या गेल्या आहेत.

अळंबी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. कवकांचे राज्यच निराळे. तिचे खरे शरीर म्हणजे मातीत वा कुजक्या लाकडात पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. आपणांस दिसते ते केवळ फळ, आणि तेही बहुधा दोन-चार दिवसांचे सोबती. आज पाहिलेला सागवृक्ष पुढच्या वर्षीही तेथेच भेटतो; अळंबी पुन्हा तेथे उगवेलच असा भरवसा नाही. म्हणूनच तिची नोंद ठेवणे अवघड. जगात कवकांच्या सुमारे दीड लाख जातींना आजवर नावे मिळाली आहेत. प्रत्यक्षात त्या बावीस ते अडतीस लाख असाव्यात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला. या अनाम जातींचा मोठा वाटा उष्ण कटिबंधातल्या अरण्यांत दडलेला आहे.

या कामी पुण्याचा वाटा मोठा आहे. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली तेथे ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन झाली. पुढे १९९२ साली तिला त्यांचेच नाव मिळाले. कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाचा कवकसंग्रह तेथेच आहे. संस्थेतील डॉ. साठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. पाकिटात जपलेल्या अशा एका वाळक्या तुकड्याचे मोल कोणते? पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला शंका आली, तर तो तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो.

रोवणाचीच कथा घ्या. ती वारुळावर उगवते, कारण तिची शेती वाळवी करते. वाळवी लाकूड-पाचोळा खाऊन आपल्या विष्ठेची स्पंजासारखी पोळी रचते. त्यावर कवकाचे तंतू वाढतात, न पचणारे काष्ठद्रव्य पचवतात, आणि वाळवी ती पोळी खाते. हा व्यवहार सुमारे तीन कोटी वर्षे चालू आहे. रोजेर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या गटास ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव दिले. माणसाला तिची व्यापारी लागवड अद्याप साधलेली नाही. बाजारात येते ते प्रत्येक रोवण रानातल्या कुठल्यातरी वारुळावरून आलेले असते. गोव्यात छत्री उमलण्यापूर्वीच कळ्या खुडून विकतात. मग बीजाणू पसरायचे कसे, हा प्रश्न डॉ. नंदकुमार कामत यांनी वर्षानुवर्षे लावून धरला आहे. वारूळ सपाट झाले की त्यासोबत तेथले रोवणही जाते.

आता आपल्या दाराशी येऊ. सचिनचे आजचे रूप गिरण्यांचे आणि कारखान्यांचे. पण येथून गाडीने बिलिमोऱ्यास उतरून वघईची वाट धरली, की डांगचे सागवान आणि बांबू सुरू होतात. वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान १९७९ सालापासून संरक्षित आहे. डांगातले कोकणा, भिल्ल, वारली कुटुंबे पावसाळ्यात रानभाज्यांबरोबर अळंबीही गोळा करतात. कोणती कोणत्या झाडाखाली उगवते, कोणती खावी, कोणतीला हात लावू नये, हे ज्ञान तेथील वडीलधाऱ्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, स्मरणात आहे. ते लिहून ठेवले नाही, तर त्यांच्याबरोबर जाईल. डांगी बोली मराठीला इतकी जवळची, की ती समजायला आपल्याला दुभाषा नको. दक्षिण गुजरातेतल्या मराठी माणसाखेरीज या कामास अधिक जवळचा कोण?

नोंद करणे वाटते तितके कठीण नाही. प्रथम उगवल्या जागीच छायाचित्र घ्यावे: वरून, बाजूने आणि खालच्या पडद्यांचे. तारीख, गाव, जवळचे झाड, माती की लाकूड, गंध, आणि चिरल्यावर बदलणारा रंग लिहावा. स्थानिक नाव ऐकले तसेच लिहावे आणि सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नावही. जेथे गोळा करण्यास मनाई नाही तेथे एखादी छत्री बुडासकट काढून, देठ कापून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवून झाकावी. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. उष्ण प्रदेशांतल्या हिरवळीवर उगवणारी एक विषारी पांढरी छत्री दिसायला खाण्याजोगीच. तिचा ठसा मात्र हिरवट पडतो. राष्ट्रीय उद्यानात व अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून काडीही उचलू नये. तेथे छायाचित्र आणि वही पुरे. नेमकी जागा अभ्यासकास कळवावी, बाजारास नव्हे.

एक इशारा आमच्या भगिनींना अगत्याने द्यावासा वाटतो. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किड्याने खाल्ली तर निर्धोक, या समजुतींना कसलाही आधार नाही. सर्वांत घातक अळंब्यांचे विष शिजवून जात नाही. त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो आणि तोवर यकृतावर घाव बसू लागलेला असतो. नोंदवहीतले वर्णन किंवा छायाचित्र पाहून कोणतीही रानअळंबी शिजवू नये.

आपल्यापैकी अनेकांचे आजोळ कोकणात वा खानदेशात. तेथल्या रोवणांची, पावसाळ्यातल्या पहाटेच्या त्या शोधाची आठवण अजून सांगू शकतील अशी माणसे घरोघरी आहेत. येत्या पावसाळ्यात वही त्यांच्यापासूनच उघडावी. त्यांनी सांगितलेले पहिले नाव पहिल्या पानावर तारखेसह उतरवावे. डांगची वाट त्यानंतर धरता येईल.