हार्ड डिस्क भरली, आता ऑफिसचा बॅकअप कुठे घ्यायचा?

‘टॉय स्टोरी २’ बनत असताना १९९८मध्ये पिक्सारच्या सर्व्हरवरून सिनेमाच्या बहुतेक फाइल्स चुकून डिलीट झाल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सिनेमा वाचला तो एका महिला सहकाऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरील कॉपीमुळे.

छोट्या ऑफिसातही हे होऊ शकतं. डिस्क भरते, बॅकअप गुपचूप थांबतो आणि कळतं ते कॉम्प्युटर बंद पडल्यावर. मग कमी जागेत काय करायचं?

आधी निवड करा
विंडोज, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करता येतात. हिशेब, बिलं, करार, ग्राहकांची माहिती पुन्हा मिळत नाही. जागा आधी यांना द्या.

रोज फुल बॅकअप नको
समजा डेटा १०० जीबी आहे आणि रोज २ जीबी बदलतो. सहा दिवस फुल बॅकअप घेतला तर ६०० जीबी लागतील. पहिल्या दिवशी फुल आणि पुढचे पाच दिवस फक्त बदललेल्या फाइल्स, म्हणजे इन्क्रिमेंटल बॅकअप घेतला, तर साधारण ११० जीबी पुरतात. मात्र ही साखळी आहे. मधली एक कडी बिघडली की पुढचा डेटा अडकतो. म्हणून दर आठवड्याला नवा फुल बॅकअप घ्या आणि तो तपासल्यावरच जुना डिलीट करा.

एक कॉपी ऑफिसबाहेर ठेवा
आग, चोरी किंवा रॅन्समवेअरमध्ये कॉम्प्युटरला जोडलेली डिस्कही जाऊ शकते.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या काही फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. उघडल्या, तरच तो बॅकअप!