बंदुकीचा धक्का आणि 'जोर' या शब्दातले दोन अर्थ

विषयाचे नाव वाचून दोघातिघांनी दारातच विचारले, "सर, तत्त्वज्ञान सोडून बंदुकीकडे कुठे वळलात?" आम्ही वळलेलो नाही. हलणाऱ्या वस्तूचा 'जोर' मोजायचा कसा, या प्रश्नावर सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले तत्त्वज्ञ हिरिरीने भांडत होते. पुस्तकात हा वाद कोरडा वाटतो. बंदुकीचे उदाहरण घेतले की तो चटकन कळतो, म्हणून ते घेऊ.

आपल्याकडे 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द खेडोपाडी ठाऊक आहे. पण बारा काय? बारा इंच नाही, बारा मिलिमीटरही नाही. एक रतल, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घ्या. त्याच्या बारा सारख्या गोल गोळ्या करा. त्यातली एक गोळी जिच्यात नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. ही गोळी भरते सुमारे ३८ ग्रॅम आणि तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक २८ ग्रॅमची, वीस केल्या तर २३ ग्रॅमची. म्हणून बोअरचा आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते. आज या बंदुकीत बहुधा छर्रे भरतात, पण तिचे नाव आजही गोल गोळीवरूनच चालते.

आता एवढी जड गोळी वेगाने सुटली की दस्ता खांद्यावर आदळणारच. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात, आणि धक्का कमी करायचा कसा हा त्यांच्यातला नेहमीचा प्रश्न. (आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा आपण फक्त विचार करायचा.) बंदूक तीच ठेवायची असेल तर मार्ग दोनच दिसतात. गोळी तीच ठेवून वेग कमी करा, नाहीतर वेग तोच ठेवून गोळी हलकी करा. दोन्ही सारखेच का? इथेच आपले तत्त्वज्ञ येतात.

देकार्तने १६४४ साली मांडले की विश्वातल्या गतीचे एकूण प्रमाण कायम असते, आणि ते मोजायचे वस्तूचा आकार गुणिले वेग असे. आज आपण आकाराऐवजी वस्तुमान घेतो आणि त्या राशीला संवेग म्हणतो. सोपे आकडे घेऊ. ३० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली, तर तिचा संवेग १२ एकक. बंदूक ३ किलोची असेल तर ती सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येते. तिचाही संवेग १२.

देकार्त मात्र दिशा जमेस धरत नव्हता. त्याच्या हिशेबाने बार काढण्याआधी गती शून्य, नंतर चोवीस! मग ही गती आली कुठून? दिशा धरली की कोडे सुटते. पुढे अधिक बारा, मागे उणे बारा, बेरीज शून्य. आधीही शून्यच होती. म्हणजे धक्का हा बंदुकीचा दोष नव्हे. गोळी पुढे जाण्याची ती दुसरी बाजू आहे. (प्रत्यक्षात दारूचा वायूही पुढे सुटतो, त्यामुळे खरा धक्का आपल्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच असतो.)

१६८६ साली लायब्निझने एक छोटा लेख लिहून देकार्तची चूक दाखवायचा प्रयत्न केला. त्याचा युक्तिवाद आपल्या भाषेत सांगतो. एक कळशी पाणी चार मजले चढवणे आणि चार कळश्या एक मजला चढवणे, कष्ट सारखेच. आता दोन्ही खाली सोडा. चार मजल्यांवरून पडणाऱ्या कळशीचा वेग एका मजल्यावरून पडणारीच्या चौपट होत नाही, फक्त दुप्पट होतो. हे गॅलिलिओने दाखवलेच होते. देकार्तच्या मापाने एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला चार येतात. कष्ट सारखे, मग जोर वेगळा कसा? लायब्निझ म्हणाला, वेगाचा वर्ग घ्या, हिशेब जुळतो. या राशीला त्याने 'जिवंत शक्ती' म्हटले. आज तिच्या निम्म्या राशीला आपण गतिज ऊर्जा म्हणतो.

आता पुन्हा बंदुकीकडे. आपल्या गोळीची ऊर्जा येते २४०० ज्यूल आणि मागे येणाऱ्या बंदुकीची फक्त २४. संवेग समान, पण ऊर्जेत शंभरपट फरक, कारण बंदूक गोळीच्या शंभरपट जड आहे. म्हणून तर बंदूक चालवता येते!

मग ते दोन मार्ग तपासू. वेग निम्मा केला तर संवेग ६, बंदुकीची ऊर्जा ६ ज्यूल, गोळीची ६००. गोळी निम्म्या वजनाची केली तरी संवेग ६, बंदुकीची ऊर्जा ६, पण गोळीची १२००. खांद्याला दोन्ही जवळजवळ सारखेच, लक्ष्याला मात्र दुपटीचा फरक. पण दुसरा मार्ग फुकटचा समजू नका. हलकी गोळी मोठ्या नळीत सैल राहते, म्हणून पूर्वी ती चिंधीत गुंडाळत, आता प्लास्टिकच्या पेल्यात बसवतात. शिवाय हवेत तिचा वेग लवकर मंदावतो. पहिल्या मार्गातही धोका आहे. दारू हवी तशी कमी करत गेलो तर गोळी नळीतच अडकू शकते, आणि हे न कळता मागून दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते. कागदावर आकडा खोडणे सोपे असते.

संवेगाचा उपयोग करून गोळीचा वेग मोजण्याची युक्ती बेंजामिन रॉबिन्सने १७४२च्या आपल्या ग्रंथात दिली. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि झोका किती गेला ते पाहायचे. गोळीची बहुतेक ऊर्जा लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते, पण संवेग ठोकळ्यात पुरता शिल्लक राहतो. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

आमच्या कॉलेजच्या काळात एनसीसी सक्तीची होती. थ्री-नॉट-थ्री रायफल पहिल्यांदा हातात आली तेव्हा भीतीने आम्ही दस्ता खांद्यापासून जरा लांब धरला. खांदा आठवडाभर काळानिळा. हवालदारसाहेब ओरडले, "घाबरतोस म्हणून लागतं! घट्ट लाव!" त्यांचे बरोबर होते. सैल धरलेली बंदूक एकटी वेग घेते आणि मग आदळते. घट्ट धरली की शरीराचे वजन तिच्यात मिळते आणि वेग घटतो. दस्त्याला लावलेली रबराची गादी संवेग कमी करत नाही, तो झेलायला जास्त वेळ देते, एवढेच.

शेवटी सिनेमा. गोळी लागलेला माणूस तिथे दहा फूट उडतो. साठ किलोच्या माणसाला १२ एकक संवेग मिळाला तर तो सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगाने सरकेल, रांगत्या मुलासारखा. तेवढाच धक्का मारणाऱ्यालाही बसलेला असतो, आणि तो तर जागेवर उभा आहे. मरणारा उडून पडत नाही. २४०० ज्यूल त्याचे शरीर फाडण्यात खर्च होतात. धक्का दोघांना सारखा, जखम मात्र एकालाच.

१७४३ साली दालाँबेरने हा सगळा वाद केवळ शब्दांचा आहे असे म्हटले. आम्हाला ते अर्धेच पटते. 'जोर' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या आणि त्या वेगळ्या काढायला पिढ्या गेल्या. मारणारा आपल्या खांद्यावरून समोरच्याच्या जखमेचा अंदाज बांधू लागला, तर तो शंभरपट चुकेल. शब्द नीट तपासले नाहीत तर अशी चूक होते, आणि तत्त्वज्ञानाचे काम ते तपासण्याचेच आहे. आता शंका असतील त्या विचारा.