दुचाकी : टायर व ब्रेकची घरगुती तपासणी

वाहनकर्जाचा हप्ता ठरल्या तारखेस भरणारे आणि विम्याचे नूतनीकरण कधीही न चुकवणारे अनेक वाहनमालक टायरमधील हवेची बाब मात्र पेट्रोल पंपावरील मुलावर सोपवून मोकळे होतात. दुचाकीचा रस्त्याशी संबंध येतो तो प्रत्येक चाकाच्या जेमतेम तळहाताएवढ्या रबरापुरता. वेग ताशी ३० किलोमीटरवरून ६० झाला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सारी याच दोन तुकड्यांच्या पकडीवर थोपवावी लागते. मागे कुटुंबीय बसलेले असताना ही पकड किती उरली आहे, हे आपले आपण पाहणे अवघड नाही. त्यास रविवार सकाळचा अर्धा तास पुरतो.

हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वीच मोजावी. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि फसगत होते. योग्य दाब वाहनासोबतच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकासाठी बहुधा वेगळा आकडा असतो, तो पाहावा. हवा कमी राहिल्यास टायर कडांना झिजतो व तापतो, जास्त झाल्यास मधोमध झिजतो. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायर बदलावा. पावसाळा जवळ असेल तर थोडा आधीच. टायरच्या बाजूवरील चार अंकांतून उत्पादनाचा आठवडा व वर्ष कळते. २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. फारसा न वापरलेला, पण भेगाळलेला जुना टायर नवा समजू नये.

ड्रम ब्रेकचे काम अधिक हातचे आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. अनेक पुस्तिकांत पायब्रेकची मोकळी चाल २० ते ३० मिलिमीटर दिलेली असते. ती वाढली असल्यास मागच्या चाकाजवळील ब्रेक-रॉडचा नट थोडाथोडा आवळावा. प्रत्येक वेळी चाक हाताने फिरवून ते घासत नाही ना, हे पाहावे. (साखळी ताणल्यावर ही चाल बदलते, याचा अनेकांना विसर पडतो.) ब्रेक पूर्ण दाबल्यावर ड्रमवरील बाण खुणेशी जुळला, तर आवळण्याने भागणार नाही; शू बदलण्याची वेळ आली. दि. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस वा एबीएस आणि त्यावरील दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ही सोय उत्तम खरी, परंतु गुळगुळीत टायरला ती पकड देऊ शकत नाही.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत घरी केवळ पाहण्याचे काम करावे. हँडलवरील काचेतून तेलाची पातळी खाली गेलेली दिसली, तर तेल भरण्याआधी पॅड झिजले आहेत का, हे पाहावे. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर गाडी थेट मेकॅनिककडे न्यावी; तेथे हौस नको. साखळीला तेल देताना एक थेंबही डिस्कवर वा टायरवर उडू देऊ नये.

काम आटोपल्यावर गल्लीतच मंद वेगाने दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत. मागचा दिवा लागतो की नाही, हे सांगण्यासाठी कोणास तरी मागे उभे करावे. घरातील लहान मुलांस हे काम फार आवडते.