आकाशवाणीच्या धुनेमागचा निर्वासित

बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरी रेडिओ होता, त्या घरची सकाळ एकाच धुनेने सुरू व्हायची. कुणाकडे नागपूर केंद्र लागे, कुणाकडे जळगाव; धून सगळीकडे तीच. आधी तानपुऱ्याचा झंकार, त्यावर तरंगत येणारं व्हायोलिन, मग ‘वंदे मातरम्’. खामगावच्या पेठेत काय नि लोणारकाठच्या वस्तीत काय, ती ऐकत चहा उकळला, जनावरं सुटली. ही धून कुणी रचली असेल, असा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही, इतकी ती आपली होती.

तिचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. हे प्रागहून मुंबईला आलेले ज्यू निर्वासित!

कॉफमन यांचा जन्म 1907 चा, कार्ल्सबादचा. प्रागमध्ये त्यांनी संगीतशास्त्रातला प्रबंध लिहिला, पण आपले मार्गदर्शक नाझी संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी पदवी घ्यायलाच नकार दिला. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्याला वर्ष होत होतं. 1934 च्या सुरुवातीला ते बोटीने मुंबईत उतरले. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरवला होता, तो बारा वर्षांचा झाला. 1939 मध्ये प्राग नाझींच्या ताब्यात गेलं आणि परतायला घरच उरलं नाही. त्यांची पत्नी गर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी, म्हणजे गर्टीची आई आणि दोन्ही मावशा, नाझींनी मारल्या.

सुरुवातीला कॉफमन यांनी भारतीय संगीताच्या तबकड्या ऐकल्या आणि त्यांना काहीच उमजलं नाही. हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. त्यानंतर त्यांनी केलेला विचार मला फार मोठा वाटतो. लाखो लोक ज्या संगीतावर जीव टाकतात ते मला परकं वाटत असेल, तर उणीव माझ्यात आहे आणि उपाय एकच, शिकायचं. ज्याचं सगळं मागे सुटलं आहे, त्याने नव्या मुलखात कडवट न होता विद्यार्थी व्हावं, याला केवढं मन लागतं! ते शिकले, खेडोपाडी हिंडून ऐकलं आणि 1937 पासून मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. शिवाय त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ उभी केली होती. तिच्या मैफली दर आठवड्याला होत. ते स्वतः पियानोवर बसत आणि व्हायोलिनवर असत मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. आकाशवाणीच्या धुनेतलं व्हायोलिनही मेहलींचंच मानलं जातं.

आता धुनेची जादू पाहा. ती शिवरंजनी रागावर बेतलेली आहे. सा, रे, कोमल ग, प, ध एवढेच पाच स्वर. यातला गंधार शुद्ध करा, की भूप होतो, शांत आणि प्रसन्न. तोच गंधार कोमल केला की स्वरांत हुरहुर उतरते. एका स्वराने अर्धी पायरी खाली यावं आणि सगळ्या सुरावटीचा भाव बदलावा! देशभरची सकाळ उघडण्यासाठी हा हळवा राग निवडला गेला. त्या विरहाच्या छटेत मला दुरावलेलं प्राग ऐकू येतं. हे माझं ऐकणं आहे, पुरावा नव्हे.

1946 मध्ये कॉफमन मुंबईहून निघाले. इंग्लंड, कॅनडा आणि शेवटी अमेरिकेतलं इंडियाना विद्यापीठ. कॅनडात असताना विनिपेगचा वाद्यवृंद त्यांनी 1948 पासून घडवला. उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानी रागांवर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. 1984 मध्ये ते गेले. संशोधक म्हणून नाव झालं, पण संगीतकार कॉफमन फायलींत पडून राहिले.

आणि मग 2020 साली, मृत्यूनंतर तब्बल 36 वर्षांनी, केवळ त्यांच्या रचनांचा पहिला अल्बम आला. टोरंटोच्या ‘एआरसी एन्सेम्बल’ने तो वाजवला, ‘शांडोस’ या ध्वनिमुद्रण कंपनीने काढला. परागंदा झालेल्या संगीतकारांच्या विस्मृतीत गेलेल्या रचना शोधून वाजवायच्या, हे या वादकांनी व्रतासारखं चालवलं आहे. अल्बममध्ये तंतुवाद्यांची चतुष्टकं आहेत, व्हायोलिन-पियानोच्या रचना आहेत. वाद्यं युरोपची, बांधणीही तिकडची. पण मधूनच एखादी सुरावट अशी वळते, की मुंबईतली वर्षं त्यात मुरलेली कळतात. भारतीय रंग वरून फासल्यासारखा कुठेच वाटत नाही. दोन्हीकडचं संगीत आतून ठाऊक असलेल्या माणसाचं हे काम आहे.

तो अल्बम जरूर ऐका. पाश्चात्त्य संगीताची ओळख नसली, तरी अकराव्या चतुष्टकापासून सुरुवात करा आणि कॉफमन यांनी आपल्या संगीताशी जो धीर धरला, तो त्यांच्या संगीताशी धरा. आकाशवाणीलाही एक विनंती आहे. रोजच्या त्या धुनेनंतर, वर्षातून एखाद्या दिवशी तरी, वॉल्टर कॉफमन आणि मेहली मेहता ही नावं निवेदकाच्या तोंडून ऐकू यावीत.