गल्ल्याशेजारी बसवा, म्हणजे पोरगं शिकेल



आपल्या कार्यक्षेत्रातली बरीच पोरं नोकरीसाठी अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत गेली आहेत. सणाला गावी आली की शेजारच्या उल्हासनगरच्या बाजाराच्या गोष्टी सांगतात. हे गाव मुळात फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. १९४९ साली त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार सोडून आलेल्या त्या माणसांनी तिथे मोठी बाजारपेठ उभी केली. तिथला दुकानदार मुलाला लहानपणीच गल्ल्याशेजारी बसवतो. भाव काय, उधारी कुणाकडे, गिऱ्हाईक कसं सांभाळायचं, हे पोरगं बघत बघत शिकतं. बाप थकला म्हणून दुकान अडत नाही.

आता आपल्याकडे बघा. नांगरट, पाण्याच्या पाळ्या आणि खत मुलाकडे. शेअर सर्टिफिकेट मात्र ट्रंकेत आणि किल्ली वडिलांच्या कमरेला. अहवालाचं पुस्तक येतं, त्यात भाकरी बांधली जाते. मग पुढे संचालक म्हणून उभं राहायला जाणती माणसं मिळत नाहीत, अशी ओरड आपणच करतो.

प्रवरानगरचं उदाहरण लक्षात घेण्यासारखं आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांचं शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचं. पण १९२३ साली त्यांनी लोणीत सहकारी पतसंस्था काढली होती. चार माणसांचा पैसा कसा सांभाळायचा, हे ते तिथे शिकले. पुढे गावोगाव फिरून भाग गोळा केले आणि १९५०-५१ साली कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पहिली सुमारे दहा वर्षे चेअरमन होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि विखे पाटील व्हाईस चेअरमन. नंतर खुर्चीवर शेतकरीच बसला.   शिकणाऱ्याला जबाबदारी द्यावी लागते आणि वेळ आली की बाजूला सरकावं लागतं.

आपण काय करायचं? पहिलं, यंदाचा अहवाल मुलगा, मुलगी, सून यांच्याबरोबर बसून वाचा. ताळेबंदातलं एकच पान घ्या, कर्जाचं. दुसरं, ऊसबिलाचा हिशेब त्यांच्याकडूनच करून घ्या. एफ.आर.पी. २०२२-२३ पासून १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर ठरते, आपल्याकडे त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. काट्याच्या पावत्या जुळवल्या की ही तिन्ही कलमं पोरांच्या ध्यानात बसतात. तिसरं, उपसा पाण्याच्या योजनेची वही, गणेश मंडळाचा जमाखर्च, असं एखादं छोटं काम पूर्ण त्यांच्या हाती द्या. शंभर-दोनशेची चूक झाली तर होऊ द्या. चारचौघांत पाणउतारा करू नका, घरी समजावून सांगा.

कुणी म्हणेल, पोरं शिकली की सभेत आडवे प्रश्न विचारतील. विचारू देत. शेतकी खात्याचा माणूस म्हणून बांधावर फिरताना मला जास्त काळजी वाटते ती गप्प बसणाऱ्या सभासदाची. प्रश्नाने कारखाना बुडत नाही. कुणी विचारणाराच नसला की बुडतो.

आडसाली लागण आपण दीड वर्ष तळहाताच्या फोडासारखी जपतो. घरच्या पोराला निदान दोन हंगाम द्या. वार्षिक सभेला येताना त्याला बरोबर आणा. मत सभासदाचंच राहील; पण शेजारी बसून ऐकायला कुणाचीच हरकत नसावी.

– ऊस विकास अधिकारी