उशीर कुणाचा, सल कुणाला

31 डिसेंबर 2023. पहाटे सव्वादोनला छत्रपती संभाजीनगरच्या अग्निशमन दलाला वर्दी मिळाली. वाळूज एमआयडीसीतल्या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली होती. बंब पोहोचले तेव्हा सगळा कारखाना पेटलेला होता आणि आत सहा जण अडकल्याचे जमलेले लोक सांगत होते. जवान आत शिरले. त्यांच्या हाती लागले ते सहा मृतदेह. अग्निशमन अधिकारी मोहन मुंगसे यांनी हा घटनाक्रम तेव्हा वृत्तसंस्थेला सांगितला होता.

तीन महिने झाले आणि 3 एप्रिल 2024 च्या पहाटे याच शहरातल्या छावणीच्या दाणाबाजारात एका शिलाईच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. धुराने गुदमरून हे मृत्यू झाले असावेत, असे पोलिसांनी प्राथमिक अंदाजात सांगितले.

अशा घटनांनंतर मृतांची संख्या छापून येते, मदत जाहीर होते, चौकशी सुरू होते. ज्यांनी ते देह खांद्यावर घेऊन बाहेर आणले, ते मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटीवर असतात. त्यांच्या मनाची चौकशी कोणत्याही अहवालात नसते. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

घटका आधीच भरलेली

बचाव करणाऱ्याला छळणारा प्रश्न ठरलेला असतो: पाच मिनिटे आधी पोहोचलो असतो तर? या प्रश्नाला भावनेने नव्हे, वस्तुस्थितीने उत्तर द्यावे लागते. बंद जागेत कापड किंवा प्लास्टिक जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. झोपेतल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही, आणि दाट धुरात काही मिनिटांत शुद्ध हरपते. म्हणजे पुष्कळदा वर्दी मिळते तेव्हाच वेळ निघून गेलेली असते.

या शहराच्या इतर आठवणीही हेच सांगतात. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. 118 जणांपैकी 55 दगावले, 63 वाचले. तपासात वैमानिकाने उड्डाणासाठी विमान उचलायला केलेला उशीर पुढे आला. उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नव्हती, हेही पुढे आले. ढिगाऱ्याकडे धावलेल्या कुणाच्याही हातात यातले काही नव्हते.

8 मे 2020 ला टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळकडे पायी निघाले होते. थकून करमाडजवळ रुळांवरच झोपलेल्या सोळा जणांचा पहाटे मालगाडीखाली अंत झाला. थोडे बाजूला थांबलेल्या सोबत्यांनी हाका मारल्या. चालकाने गाडी थांबवण्याचा प्रयत्न केल्याचे रेल्वेने सांगितले. पण वेगातली जड मालगाडी थांबायला किलोमीटरभर अंतरही लागू शकते. हाका मारणारे आणि ब्रेक लावणारे, दोघेही वाचवणारेच होते. त्यांना त्या नावाने कुणी ओळखले नाही, इतकेच.

मनाचा हिशेब

निकाल कळल्यावर तो आधीच दिसायला हवा होता, असे माणसाला वाटू लागते. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये ही प्रवृत्ती प्रयोगांनी दाखवली. बचाव करणारा याच सापळ्यात अडकतो. त्या क्षणी धुरात न दिसलेले दार आज आठवणीत लख्ख दिसते आणि तो स्वतःला गुन्हेगार ठरवतो. मग झोप उडते, जळक्या वासाने छातीत धडधडते, लहानसहान गोष्टींवरून घरच्यांवर राग निघतो, किंवा माणूस गप्प गप्प राहू लागतो. स्वतःच्या मुलांच्या वयाची मुले उचलावी लागली असतील, तर घाव आणखी खोल जातो.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली. कामाचा भाग म्हणून वारंवार मानवी अवशेष गोळा करावे लागणे, हेही आघातोत्तर विकाराचे कारण ठरू शकते, असे तिने स्पष्टपणे मान्य केले.

किल्लारीच्या भूकंपानंतर काही दिवसांनी ढिगाऱ्यातून एक चिमुरडी जिवंत निघाली. तिची गोष्ट मराठवाडा आजही आनंदाने सांगतो, आणि सांगावीच. पण त्याच ढिगाऱ्यांतून जवानांनी हजारो मृतदेह काढले. वाचलेल्याची गोष्ट सगळ्या समाजाची होते, न वाचलेले मात्र एकट्या जवानाच्या वाट्याला येतात.

शिवाय या कामात स्वतःचा जीवही जातो. 23 मे 2024 रोजी अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्याचा शोध घेताना बोट उलटली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तिघांचा मृत्यू झाला. मागे उरलेल्या सहकाऱ्यांवर दुहेरी ओझे आले: ज्याला शोधायला गेलो तो, आणि ज्यांच्यासोबत गेलो तेही.

करता येण्यासारखे

घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सारे बोलायला लावण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती. संशोधनाच्या आढाव्यांत तिचा फायदा दिसला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना मानसिक प्रथमोपचाराचा आग्रह धरते: माणसाकडे लक्ष द्या, तो बोलेल ते ऐका, गरजेच्या मदतीशी त्याला जोडून द्या, पण बोलण्याची सक्ती करू नका.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. अशा रात्रीनंतर जवानाला विश्रांती आणि घरच्यांचा सहवास मिळावा. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींना ऐकून घेण्याचे प्रशिक्षण द्यावे. महिन्यानंतरही त्रास टिकला तर मनोविकारतज्ज्ञांची वाट दाखवावी. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येते. उपचार घेतल्याची नोंद बढतीच्या आड येता कामा नये.

माझी सगळ्यांत आग्रहाची मागणी वेगळी आहे. दुर्घटनेच्या चौकशीचा निष्कर्ष त्या पथकाला समोर बसवून सांगितला जावा. मृत्यू कशाने झाला, किती आधी झाला, वाट कुणी अडवली होती, हे कळले तर स्वतःवर घेतलेला दोष योग्य जागी ठेवता येतो. आणि खरोखर काही चुकले असेल, तर तेही न डिवचता शिकवता येते.

1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात 66 अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ दर 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या मानवंदनेत जिवंत परतलेल्यांनाही जागा हवी.

वाचकांकडेही मागणे आहे. कारखान्यात माणसे झोपत असतील तर बाहेर पडायला दुसरे दार ठेवा. दुकानावर घर असेल तर जिना मोकळा ठेवा. धुराची सूचना देणारे यंत्र बसवा. आपण ज्याला जवानाचे अपयश म्हणतो, त्याचा मोठा भाग आपल्याच निष्काळजीपणाचा असतो. तो त्याच्या खांद्यावरून उतरवणे, ही आपली जबाबदारी आहे.