कुंपणाच्या अलीकडचं गाव

साक्री तालुक्यातल्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा पाऊस लांबला की लोक त्यांच्याकडे बोट दाखवायचे. पाती फिरतात आणि ढग पळवून लावतात, हा समज खानदेशात होता तसा साताऱ्याकडेही होता. आता त्याच साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. असा प्रकल्प कुठंही यायचा म्हटला की पारावर तसेच प्रश्न निघतात. उष्णता वाढेल का? डोळे दिपतील का? कॅन्सर होईल का?

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पॅनेलमधून वीज बाहेर येते, किरणं नाहीत. विद्युतचुंबकीय क्षेत्र असतं ते इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरभोवती, आणि कुंपणापर्यंत येईतो ते नगण्य झालेलं असतं. दिपण्याचंही फार नाही, कारण प्रकाश परतवणारं पॅनेल तेवढी वीज गमावतं. म्हणून त्याच्या काचेवर चमक कमी करणारा थर दिलेला असतो. कोचीच्या विमानतळानं तर २०१५ सालापासून आपल्याच आवारात मोठा सौर प्रकल्प चालवला आहे आणि त्याच्या शेजारी विमानं रोज उतरतात.

उष्णतेचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सौर प्रकल्पावरची हवा रात्री आजूबाजूच्या रानापेक्षा ३ ते ४ अंशांनी जास्त गरम आढळली. गडद पॅनेल ऊन शोषतात आणि खालची झाडंझुडपं काढलेली असल्यामुळे बाष्पीभवनाचा गारवाही जातो. पण ही वाढ प्रकल्पाच्या आतली. अंतर वाढत जातं तशी ती झपाट्यानं विरते. कुंपणाला भिंत लागून घर असेल तर विचार करावा. गाव थोडं लांब असेल तर वैशाखातल्या उकाड्याचा दोष पॅनेलवर टाकू नये. आवाजाचंही तसंच. इन्व्हर्टरच्या पंख्यांची घरघर दिवसभर असते, दिवेलागणीला प्रकल्प जवळजवळ गप्प होतो. औष्णिक केंद्राच्या राखेखाली राहणाऱ्या कोराडीकरांना किंवा परळीकरांना हा शेजार विचारून पाहा, ते आनंदानं अदलाबदल करतील.

म्हणजे काचांपासून भीती फारशी नाही. माझ्या मते खरा हिशेब जमिनीचा आहे, आणि वीज कोणाकडे जाते याचा.

एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली. म्हणजे एकरी सुमारे पन्नास हजार. ज्या मुरमाड रानात बाजरी आणि मटकीपलीकडे काही येत नाही, त्याच्या मालकाला यापेक्षा बरं पीक कुठलं? ग्रामपंचायतीलाही वर्षाला ५ लाख, असे तीन वर्षं मिळायचे आहेत. आणखी मोठा फायदा रुपयांत मोजता येत नाही. शेतीपंपांना आळीपाळीनं रात्रीची लाईट मिळायची, तेव्हा दारं धरायला अंधारात जायचं, चिखलात साप आणि उसात बिबट्या. या योजनेत प्रकल्प गावाजवळच्या उपकेंद्राशी जोडला जातो आणि त्याच उपकेंद्रावरच्या शेतीच्या फीडरना दिवसा वीज मिळते. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला नव्या योजनेतला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, तो अवघा तीन मेगावॉटचा. शेजारी असावा तर असा, असं मला वाटतं: आटोपशीर, आणि त्याची वीज आपल्याच मोटारीला.

कर्नाटकातल्या पावगडची गोष्ट वेगळी. तुमकूर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात पाच गावांच्या सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर पार्क आहे. जमीन विकत न घेता भाड्यानं घेतली, एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. शेंगांचं पीक वर्षामागून वर्षं बुडालेल्या शेतकऱ्यांना ही रक्कम मोठी वाटली, आणि जमिनी सक्तीनं काढून घेण्यापेक्षा ही रीत नक्कीच बरी. पण वीस एकरवाल्याला वीस एकरांचं भाडं आणि भूमिहीनाला शून्य. जो दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचा त्याचं रानच गेलं. बांधकाम चालू होतं तोवर हाताला काम होतं. पुढं उरली ती राखण, गवत काढणं आणि काचा पुसणं. आपल्याकडचे वाटेकरी तर सातबाऱ्यावर नसतातच, त्यांना भाड्याच्या करारात कोण धरणार?

सक्तीचं संपादन काय करू शकतं, ते महाराष्ट्रानं २०१८ च्या जानेवारीत पाहिलं. दोंडाईच्याजवळच्या वीजप्रकल्पासाठी जमीन गेलेले विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील मोबदल्यासाठी हेलपाटे घालून थकले आणि त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. आठवडाभरात ते गेले.

गायरानाचं दुखणं याहून अबोल आहे. कागदावर ते 'पडीक', प्रत्यक्षात गावाची गुरं, धनगरांची मेंढरं, लांडगे आणि चिंकारा यांचं ते रान. तिथं जाळीचं कुंपण पडलं की मेंढपाळाचा वर्षानुवर्षांचा रस्ता एका रात्रीत बंद होतो, आणि त्याची नुकसानभरपाई कुठल्याच खात्यात नाही. त्यात सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीतून सूट आहे, म्हणजे त्या मंजुरीसोबत येणारी जनसुनावणीही नाही. स्वच्छ वीज म्हणून ही सवलत दिली हे समजतं. पण एखाद्या गावाचं सगळं गायरान जात असताना गावाला कोणी विचारूही नये, हे काही पटत नाही. परदेशांत पॅनेलखाली मेंढ्या चारतात. तिथं गवत छान येतं, कारण पावसाचं पाणी काचेच्या खालच्या कडेवरून ओळीनं ठिबकतं आणि तिथंच हिरवी रेघ उठते. शेळ्या चालत नाहीत, त्या उड्या मारून पॅनेलवर चढतात. जोधपूरच्या काझरी या संशोधन संस्थेनं पॅनेलच्या ओळींमध्ये पिकंही घेऊन दाखवली आहेत. आपल्याकडे मात्र फाटकाला कुलूप आणि आत तणनाशक, हीच सोपी वाट.

प्रकल्पाशेजारी राहणाऱ्याला रोज दिसणारी गोष्ट म्हणजे काचा धुणं. पहाटे, ऊन लागण्याआधी, टँकर आणि नळ्या घेऊन टोळ्या येतात, लांब दांड्याचा ओला ब्रश ओळीओळीनं फिरतो. धूळ बसली की वीज घटते, म्हणून उन्हाळ्यात धुणं वाढतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गावच्या विहिरी तळाला जातात. राजस्थानात पाण्याविना पुसणारे यंत्रमानव बऱ्याच ठिकाणी आले आहेत. गावानं पाणी कुठून आणणार हे आधी विचारावं, आणि खारं पाणी काचांवर डाग पाडतं म्हणून गोड्या विहिरीवर डोळा असतो, हेही ध्यानात ठेवावं.

पावसाळ्यात उलटा त्रास. जमीन सपाट करून दाबली की पहिल्याच वळवात पाणी मुरायचं सोडून धावतं आणि खालच्या शेतकऱ्याचा बांध फोडतं. ओढे वळवले, पाणंद कुंपणात गेली, तर भांडण कंपनीशी नसतं, भाडं घेणाऱ्या भावकीशी होतं.

आणि पंचवीस वर्षांनी? पॅनेल काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि थोडं शिसं यांचं बनलेलं असतं. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेल आली आहेत, पण सध्या उत्पादकांवर मुख्य भार २०३४-३५ पर्यंत ती साठवून ठेवण्याचाच आहे. जमिनीत ठोकलेले लोखंडी खांब कोणी उपसायचे, फुटक्या काचा कोणी न्यायच्या, कंपनी मध्येच विकली गेली तर तो खर्च नव्या मालकाच्या गळ्यात पडतो की शेतकऱ्याच्या, हे भाडेपट्ट्याच्या शेवटच्या पानांत लिहिलेलं असतं. सही करताना बहुतेकांचं बोट पहिल्या पानावरच्या भाड्याच्या आकड्यावर असतं.